कोणती पुस्तकं ठेवायची, हे कोण ठरवणार?

बिद्रीतल्या आमच्या केंद्राला यंदा जागा बदलावी लागली. जुन्या जागेत पुस्तकांची तीन कपाटं होती. नव्या खोलीत शिलाई मशिनं, सल्ला केंद्राचं टेबल आणि बायकांना बसायला सतरंजी एवढं मांडल्यावर एकाच कपाटापुरती भिंत उरली. म्हणजे दोन कपाटं पुस्तकं बाहेर जायला हवी होती. आम्हाला वाटलं होतं, एका दुपारचं काम आहे. प्रत्यक्षात तीन बैठका झाल्या आणि तिसरीत आवाजही चढले. कुणी म्हणालं, पुस्तकांवरून कशाला एवढं? पण पुस्तक निवडताना आपण नेमकं काय निवडतो, याबद्दल संघटनांमध्ये फारसं बोललं जात नाही. म्हणून हा लेख.

आधी आमच्याकडे ही पुस्तकं आली कशी, ते सांगायला हवं. बिद्री हे कागल तालुक्यातलं, दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचं गाव. आजूबाजूला राधानगरी आणि भुदरगडची गावं. आमचं काम म्हणजे सल्ला केंद्र, बचत गट, किशोरींची शिबिरं. पुस्तकं विकत घ्यायला वेगळा निधी कधीच नव्हता. थोडी आम्ही वर्गणी काढून घेतली, थोडी शिबिरांतून आणली. बाकीची देणगी म्हणून आली. शहरात कुणाचं घर रंगवायचं असलं, कुणाचे वडील वारले, कुणाचा फ्लॅट बदलला की फोन येतो, “तुमच्या गावातल्या बायकांसाठी पुस्तकं आहेत, घेऊन जाल का?” देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण पोती सोडली की त्यातून बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं, विश्वकोशाचा सुटा एखादा खंड, बंद पडलेल्या संगणक प्रणालीचं पुस्तक, वाळवी लागलेली धार्मिक मासिकं निघतात. जे स्वतःच्या घरात ठेवण्यासारखं उरलं नाही आणि रद्दीत घालायला मन धजत नाही, ते गावातल्या बाईकडे पाठवायचं. तिला काय, काहीही चालेल! जुन्या साड्या वाटण्याच्या कार्यक्रमांत जी नजर दिसते, तीच इथेही आहे. आपण ती ओळखायला हवी आणि नम्रपणे ‘नको’ म्हणायला शिकायला हवं. आम्ही आता आधी यादी मागतो. यादी करायलाच ज्यांना वेळ नसतो, त्यांची पुस्तकं आणायला टेंपोभाडं आम्ही का खर्च करावं?

ग्रंथालयांच्या बाबतीत आपला जिल्हा मागास नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचा भारतातला पहिला कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1967 साली आला. त्या कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्याही मोजली जाते. त्यामुळे पुस्तक कमी करायला वाचनालयं धजत नाहीत. फाटकं असो, चुकीचं असो, नोंदवहीत आकडा हवा! आमच्यासारख्या नोंद नसलेल्या केंद्रांवर असं बंधन नाही. आम्ही मोकळेपणाने निवडू शकतो. पण मोकळीक असली की जबाबदारीही येते. नोंदवहीच नसली की काय गेलं, हे पुढच्या कार्यकर्तीला कळायलाही मार्ग राहत नाही.

तीन बैठकांमधून आमचे काही निकष तयार झाले. सगळे सर्वांना पटले असं नाही. माझी मतं मी इथे मांडते.

पहिला निकष नुकसानीचा. जुनी कादंबरी कुणाचं वाकडं करत नाही, पण कायद्याचं जुनं पुस्तक करू शकतं. आमच्या कपाटात नव्वदच्या दशकातल्या ‘स्त्रिया आणि कायदा’ छापाच्या बऱ्याच पुस्तिका होत्या. सोप्या भाषेतल्या, चित्रं असलेल्या, मनापासून तयार केलेल्या. त्यातली वारसा हक्काची माहिती 1994 च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीप्रमाणे आहे. त्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. आता 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्नाच्या तारखेची ती अट उरली नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटण्या झाल्या असतील, तर मात्र त्या उकरता येत नाहीत. मुलीचा हक्क जन्माने आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केलं. समजा, 1990 साली लग्न झालेल्या बाईने ती जुनी पुस्तिका वाचली, तर ती काय समजेल? आपलं लग्न आधी झालं, आपला हक्क नाही. आणि भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होईल. आपल्याच चळवळीने छापलेलं पुस्तक वाचून!

फौजदारी कायद्याचंही तसंच. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आपल्या तोंडी बसलेलं 498-अ आता 85 आणि 86 या कलमांत आहे. पोटगीसाठीचं 125 कलम गेलं, त्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 मध्ये आहे. गर्भपाताच्या कायद्यात 2021 साली बदल झाला. पूर्वी 12 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरत असे, आता ते 20 आठवड्यांपर्यंत पुरतं. काही ठराविक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली आहे. घाबरलेल्या मुलीने जुन्या आरोग्यपुस्तिकेत 20 ही शेवटची मर्यादा वाचली, तर ती दवाखान्याची पायरीही चढणार नाही.

म्हणून अशी पुस्तकं कपाटातून काढायची आणि, हे महत्त्वाचं, ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. “आपल्याला नको तर शाळेला देऊ” हा सोपा मार्ग इथे बंद. मुखपृष्ठ फाडून रद्दीत घालायची. मात्र प्रत्येकीची एकेक प्रत, वर ‘जुना कायदा’ असं ठळक लिहून, सल्ला केंद्राच्या टेबलाच्या खणात ठेवायची. कारण 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं आणि अशा केसेस कोर्टात अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत.

दुसरा निकष दुर्मीळपणाचा. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच. आणि नेमकी इथेच आपली नजर फसते. बैठकीत पहिला हात गेला तो सायक्लोस्टाइल केलेल्या पुस्तिका, पिवळी पडलेली पत्रकं, गाण्यांची चोपडी, मेळाव्यांचे अहवाल, स्त्री-नियतकालिकांचे सुटे अंक यांच्याकडे. पुठ्ठा नाही, कणा नाही, उभं राहत नाही, म्हणजे रद्दी. जाडजूड ग्रंथ मात्र सन्मानाने बाजूला. खरं तर जाडजूड ग्रंथ करवीर नगर वाचन मंदिरात मिळतो, विद्यापीठात मिळतो, पुन्हा विकतही मिळतो. 1980 च्या दशकात सांगली, सातारा, कोल्हापूर भागात इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न उभा केला. त्या काळात गावोगाव वाटलेलं पत्रक आज कुठल्या दुकानात मिळेल? ‘नवऱ्याने टाकलेली’ या शब्दाच्या जागी ‘परित्यक्ता’ हा शब्द आला, रेशनकार्डावर तिचं स्वतंत्र नाव मागितलं गेलं, ही वाटचाल ग्रंथांत नंतर येते. पत्रकांत ती आधी असते.

या चर्चेच्या वेळी आमच्या बचत गटातल्या एक काकी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या. वर्गाच्या शेवटी बायकांनी लिहिलेलं चार-चार ओळींचं एक पुस्तिकावजा काहीतरी काढलं होतं, स्टेपल केलेलं. ते रद्दीच्या ढिगात पडलेलं बघून त्या म्हणाल्या, “ताई, त्यात माझं नाव छापलंय की. ते तेवढं टाकू नका.” बैठक क्षणभर थांबली. ती पुस्तिका अर्थातच राहिली. पण प्रश्न असा की, त्या दिवशी काकी आल्या नसत्या तर? ज्यांचं नाव आयुष्यात एकदाच छापलं जातं, त्यांचं लिखाण ठेवायला कोणतं राष्ट्रीय ग्रंथालय पुढे येणार आहे?

हे भावनेपोटी म्हणत नाही. आपला इतिहासच तसा आहे. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्या नियतकालिकाच्या फायली कुणीतरी जपल्या, म्हणून तो निबंध आज आपल्यासमोर आहे. ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ 1882 साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, त्यावरून वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली, त्याला बुलढाण्याच्या या बाईने दिलेलं ते सडेतोड उत्तर. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. पण त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 साली ते पुन्हा प्रकाशित केलं, तेव्हा ते अभ्यासकांच्या आणि चळवळीच्या हाती आलं. मधली सुमारे नव्वद वर्षं! एवढ्या काळात कितीदा घरं झाडली गेली असतील, किती माळे रिकामे झाले असतील. एखादी प्रत कुठेतरी टिकली, म्हणून आज आपण ताराबाईंचं नाव घेतो. ज्यांची एकही प्रत टिकली नाही, अशा बाया किती असतील, हे मोजायला काही साधन नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत वादाचा ठरला. पतिव्रताधर्म शिकवणारी, नव्या नवरीला भेट द्यायची, व्रतवैकल्यांचं माहात्म्य सांगणारी, ‘आदर्श गृहिणी’ कशी असावी ते पढवणारी पुस्तकं. आमची एक तरुण कार्यकर्ती म्हणाली, “ही आपल्या कपाटात कशाला? बंबात घाला.” तिचा राग मला समजतो. तरी माझं मत वेगळं आहे. प्रत्येक प्रकारची एक प्रत ठेवावी, बाकी घालवावी. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचं जाहीर दहन केलं. आणि त्याच बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीच्या अवनतीविषयी 1951 मध्ये लिहिताना मनूचे नियम एकेक करून समोर ठेवले. दहन ही जाहीर कृती होती, तिचा अर्थ सर्वांना कळला. पण प्रतिवाद करायला मूळ ग्रंथ वाचलेला असावा लागतो. हेरवाड ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो आपल्याच जिल्ह्यातला, शिरोळ तालुक्यातला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे बंद. उद्याच्या मुलींना हा ठराव कशाविरुद्ध होता हे समजायचं असेल, तर त्या प्रथांचं गुणगान करणारं छापील पान दाखवता आलं पाहिजे. नाहीतर त्या म्हणतील, असं काही नव्हतंच, तुम्ही उगाच आरडाओरडा करता! शिबिरात असं एक पान वाचून दाखवावं आणि मग गप्प बसावं. पुढची चर्चा बायका स्वतःच करतात, हा माझा अनुभव आहे.

चौथा मुद्दा कथा-कादंबऱ्यांचा. आमच्यातल्या जुन्या मैत्रिणींचं म्हणणं, प्रेमकथा आणि कौटुंबिक कादंबऱ्या पहिल्यांदा काढाव्यात. त्या बाईला स्वप्नरंजनात अडकवतात, चळवळीच्या केंद्रात त्यांचं काय काम? मी आमची देवघेवीची वही काढून पुढे ठेवली. सर्वांत जास्त वेळा बाहेर गेलेली पुस्तकं तीच होती. अंगणवाडीची मदतनीस, पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून दुपारी तासभर वाचणारी सून, दहावी नापास झालेली पोर, या सगळ्या त्याच दाराने आत येतात. त्यांच्यापैकी काही पुढे ‘स्मृतिचित्रे’ नेतात, काही ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ नेतात, काही नेत नाहीत. नेत नाहीत म्हणून काय बिघडलं? घरातल्या प्रत्येकाचं जेवण-खाण आटोपल्यावर बाईला मिळालेला तास तिचा आहे. त्या तासाचाही हिशेब आपण मागायला लागलो, तर सासूत आणि आपल्यात फरक तो काय? जे पुस्तक झिजलं आहे, ते ठेवायचं. पानं सुटली असतील तर बांधून घ्यायचं.

आता थोडं आपल्या घरांबद्दल. संस्थेच्या कपाटावर एवढी चर्चा करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींच्या घरात स्वतःच्या नावाचा एक फळीभर कप्पा आहे? लग्न होऊन मुलगी सासरी येते, तेव्हा भांडी, कपाट, पलंग यांची यादी होते. तिची पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहतात आणि भावाच्या लग्नात घर रंगवताना जातात. सासरी तिची चार पुस्तकं नवऱ्याच्या कागदपत्रांखाली किंवा मुलांच्या दप्तरांमागे. घरात जागा कमी पडली की आधी कुणाची पुस्तकं निघतात, हे जरा आठवून पाहा. नोकरीसाठीची, शाळेची, पूजेची राहतात. बाईची ‘उगाच’ची असतात. रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा घरातल्याच बायकांनी त्यांना किती टोचलं, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, आणि ते पुस्तक 1910 चं. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून लिहीत आणि वह्या घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवत. पुढे त्यातूनच ‘जिणं आमुचं’ आलं. ती वही कुणी चुकून रद्दीत घातली असती तर? ज्या घरात बाईला वही लपवावी लागते, त्या घरात तिचं पुस्तक ठेवायचं की द्यायचं, हा निर्णय तिचा कधी नसतोच.

“हल्ली सगळं मोबाईलवर आहे, कशाला कागद साठवता?” असंही ऐकावं लागतं. मोबाईलचा उपयोग मी नाकारत नाही. कायद्याची ताजी माहिती मी स्वतः तिथेच पडताळून पाहते. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचा फोन घरातल्या तीन माणसांचा असतो आणि काय बघितलं ते दुसऱ्याला दिसतं. मार खाणारी बाई नवऱ्याच्या फोनवर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा कसा शोधणार? केंद्रात बसून वाचलेलं पुस्तक कुणालाही काही सांगत नाही. आणि ती स्टेपल केलेली पुस्तिका मोबाईलवर कुणी चढवली आहे? चढवायची असेल तर आधी ती आपल्याकडे शिल्लक असावी लागते. आम्ही आता दुर्मीळ पत्रकांचे फोटो काढून ठेवतो आहोत, पण मूळ कागद टाकत नाही.

शेवटी जी पुस्तकं द्यायची ठरली, ती कशी दिली ते सांगते. ट्रकभर उचलून एका ठिकाणी टाकली नाहीत. मुलांची गोष्टीची पुस्तकं हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपटांवर जाणाऱ्या शिक्षिकेला, तिने निवडून घेतली तेवढीच दिली. स्पर्धा परीक्षांची, त्यातलीही चालू अभ्यासक्रमाची तेवढीच, गावातल्या अभ्यासिकेला. उरलेली सतरंजीवर मांडली आणि बाजाराच्या दिवशी बायकांना बोलावलं. प्रत्येकीने दोन पुस्तकं घरी न्यायची, परत द्यायची नाहीत. अट एकच, पहिल्या पानावर स्वतःचं नाव स्वतः लिहायचं. बऱ्याचजणींनी सवयीने आधी नवऱ्याचं नाव आणि आडनाव लिहायला घेतलं. “नुसतं तुमचंच लिहा,” म्हटल्यावर एकजण हसून म्हणाली, “नुसतं माझं? मग घरात कुणाचं पुस्तक म्हणून ठेवू?” हे विचारतानाच तिला उत्तर सापडलं होतं, असं मला वाटतं. तिने एकटीचं नाव लिहिलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही केंद्रात कधी ना कधी जागा बदलेल, भाडं वाढेल, वाळवी लागेल किंवा 2019 आणि 2021 सारखा पूर येईल. त्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. एक, कपाटातल्या कायद्याच्या आणि आरोग्याच्या प्रत्येक पुस्तकावरचं साल तपासा. दोन, आपण स्वतः छापलेल्या प्रत्येक कागदाच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत, जमिनीपासून उंच ठेवा. तीन, जे पुस्तक बाहेर जाईल त्याचं नाव, कारण आणि निर्णय घेणाऱ्या बायकांची नावं एका साध्या वहीत लिहा. आणि निवड करायला बसाल तेव्हा पदाधिकाऱ्यांबरोबर वाचणाऱ्या बायकांनाही बोलवा. ज्यांनी लिहिलं आहे, त्यांना तर नक्कीच.

तुमच्याकडे वेगळे निकष असतील, माझी मतं पटली नसतील, तर जरूर लिहा. विशेषतः तुमच्या भागातली जुनी पत्रकं आणि अंक कुणी जपले असतील, तर ते कुठे आहेत एवढं तरी कळवा. सगळ्या जिल्ह्यांतल्या अशा कागदांची एक सामाईक यादी या अंकातून करता आली, तर एका केंद्राच्या भिंतीवर जागा उरली नाही म्हणून काही कायमचं जाणार नाही.